विरंजक चूर्ण

पावसाळा लागला की शेतांतले आणि गोठ्यांजवळचे पाणी झिरपत झिरपत गावच्या विहिरीत येते. चार दिवसांनी गढूळपणा खाली बसतो, पाणी निवळते आणि ते पिण्याजोगे झाले असे लोकांस वाटू लागते. परंतु पटकी, विषमज्वर, हगवण यांचे जंतू नितळ पाण्यातही सुखाने नांदू शकतात. म्हणून ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक विहिरीत विरंजक चूर्ण घालतो. गावोगाव या चूर्णाला टीसीएल पावडर म्हणतात. काही ठिकाणी मात्र काठावर उभे राहून मूठभर चूर्ण उधळले की कर्तव्य संपले, असे मानले जाते. अक्षता टाकाव्यात तसाच हा प्रकार! त्याने मनाचे समाधान होते. जंतू मरतीलच असे नाही.

मुळात हे द्रव्य रोगांसाठी निर्माण झाले नाही, ते कापडासाठी झाले. युरोपात कोरे कापड शुभ्र करावयाचे तर ते कित्येक आठवडे कुरणांवर उन्हात पसरून ठेवावे लागे. १७७४ साली स्वीडनमध्ये शेले याने क्लोरीन वायू तयार केला. तो वायू रंग नाहीसा करतो, या गुणाचा उपयोग फ्रान्समध्ये बर्तोले याने कापडासाठी केला. पुढे १७९९ साली स्कॉटलंडमधील चार्ल्स टेनंट याने विझवलेल्या चुन्यात हा वायू मुरवून चूर्ण बनविण्याच्या कृतीचे एकस्व मिळविले. रंग घालविणारे म्हणून ते विरंजक.

हेच चूर्ण माणसांचे प्राणही वाचविते, हे व्हिएन्ना शहरात दिसून आले. तेथील मोठ्या रुग्णालयात प्रसूतीचे दोन विभाग होते. एकात सुइणी शिकत, दुसऱ्यात वैद्यकाचे विद्यार्थी. विद्यार्थ्यांच्या विभागात बाळंतज्वराने फार अधिक स्त्रिया दगावत. इग्नाझ सेमेलवाइस या तरुण डॉक्टरास याचे कारण उमगेना. १८४७ साली त्याचा एक स्नेही शवविच्छेदनाच्या वेळी सुरी लागून आजारी पडला आणि बाळंतज्वरासारख्याच लक्षणांनी मरण पावला. तेव्हा सेमेलवाइसच्या ध्यानात आले की, विद्यार्थी शवविच्छेदन करून तसेच प्रसूतीकडे येतात आणि काही घातक द्रव्य हातांबरोबर घेऊन येतात. नुसत्या साबणाने हातांचा दर्प जात नसे. विरंजक चूर्णाच्या पाण्याने जाई. प्रत्येकाने त्या पाण्यात हात धुतल्याशिवाय रुग्णेस शिवू नये, असा नियम त्याने मे महिन्यात केला. एप्रिलमध्ये त्या विभागात शंभरांतील अठरा बाळंतिणी मरण पावल्या होत्या. जूनमध्ये हे प्रमाण शंभरांत दोनवर आले. जंतूंचे शास्त्र तेव्हा उदयास यावयाचे होते, त्यामुळे त्याच्या अनेक सहकाऱ्यांनी ही गोष्ट मानली नाही. दर्पावरून काढलेला हा माग किती अचूक होता!

आता पुन्हा विहिरीकडे वळू. प्रथम पाणी किती आहे ते काढावे. विहीर गोल असेल तर व्यासाचा वर्ग, पाण्याची खोली आणि ३.१४ यांचा गुणाकार करून त्यास ४ ने भागावे. चार मीटर व्यासाच्या विहिरीत तीन मीटर पाणी असेल तर ते ३७.६८ घनमीटर, म्हणजे सुमारे ३७,७०० लिटर भरते. दर हजार लिटरांस चांगल्या प्रतीचे अडीच ग्रॅम चूर्ण सामान्यतः पुरते. म्हणजे या विहिरीस सुमारे ९४ ग्रॅम लागेल. ते बादलीत थोड्या पाण्यात कालवून लगदा करावा, मग बादली पाऊण भरेपर्यंत पाणी घालून ढवळावे आणि पाच-दहा मिनिटे स्थिर ठेवावे. चुना तळाशी बसतो. वरचे निवळ पाणी दुसऱ्या बादलीत ओतून ती बादली दोराने विहिरीत पाण्याखाली सोडावी व वरखाली हलवावी. तळचा चुना विहिरीत टाकू नये. त्याने पाणी जड होते. त्यानंतर एक तासपर्यंत पाणी कोणी भरू नये. तासाभराने जलसुरक्षक नळीत पाणी घेऊन ओ. टी. चाचणी करतो. पाण्यास पिवळसर छटा आली तर क्लोरीन शिल्लक आहे असे समजावे. छटा न आल्यास मात्रा अपुरी पडली.

घरात मिळणारे द्रवरूप विरंजक याच कुळातले. त्यात बहुधा सुमारे ५ टक्के सोडियम हायपोक्लोराइट असते. बाटलीवरील चिठ्ठी मात्र वाचावीच. फरशी किंवा मोरी निर्जंतुक करावयाची तर आधी साबणाने मळ धुऊन काढावा, कारण मळाशी झुंजण्यातच विरंजकाची शक्ती खर्च होते. मग २० मिलिलिटर विरंजकात ९८० मिलिलिटर थंड पाणी मिसळून ते लावावे व दहा मिनिटे जागा ओली राहू द्यावी. लावताच पुसून घेणे म्हणजे श्रम वाया घालविणे होय. हे मिश्रण रोज ताजे करावे; ऊन आणि उष्णता यांनी ते निःसत्त्व होते.

एक गोष्ट मात्र कदापि करू नये. शौचकूप साफ करण्याच्या द्रवात पुष्कळदा आम्ल असते. दोन औषधे एकत्र केली तर दुप्पट गुण येईल, या समजुतीने कोणी ते विरंजकात ओतले, तर क्लोरीन वायू मोकळा होतो. १९१५ साली पहिल्या महायुद्धात ईप्र येथे सैनिकांवर सोडला गेला तो हाच वायू. अमोनिया असलेल्या द्रवाशी मिसळल्यासही विषारी वायू निघतात. असा तिखट वास येताच सर्व सोडून उघड्या हवेत जावे.

विरंजक शीतपेयाच्या रिकाम्या बाटलीत भरून ठेवण्याची सवय काही घरांत आढळते. तहानलेल्या मुलास त्यातला भेद कसा कळावा? ते मूळ बाटलीतच, घट्ट झाकण लावून, मुलांच्या हाती न लागेल असे ठेवावे. डोळ्यांत उडाल्यास वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे डोळे धुऊन दवाखाना गाठावा. पोटात गेल्यास ओकारी काढण्याचा प्रयत्न न करता रोग्यास ताबडतोब डॉक्टरकडे न्यावे, आणि ती बाटलीही बरोबर घ्यावी.