कॉम्प्युटरच्या बॅकग्राउंड सर्व्हिसेस: कोणत्या बंद कराव्यात, कोणत्या नाही?

प्रश्न: घरी सात वर्षांपूर्वीचा लॅपटॉप आहे. रॅम ४ जीबी, विंडोज १०. मुलगा नीटची तयारी करतो, त्याच्या ऑनलाइन टेस्ट त्यावरच असतात. पण चालू केला की बराच वेळ काहीच उघडत नाही. एका व्हिडिओत पंचवीस सर्व्हिसेस बंद करण्याची यादी दिली आहे. ती सगळी बंद केली तर चालेल का?
(एक पालक, औसा रोड, लातूर)

उत्तर: सरसकट बंद करू नका. त्या पंचवीसपैकी बहुतेक नावांनी वेगात काही फरक पडणार नाही आणि एखाददुसऱ्या नावाने टेस्टच्या दिवशीच नेट किंवा आवाज गेला, तर कारण शोधता शोधता नाकी नऊ येतील.

सर्व्हिस म्हणजे स्वतःची खिडकी नसलेला, पडद्यामागे चालणारा प्रोग्राम. वायफाय जोडणं, आवाज सुरू करणं, प्रिंटरची रांग सांभाळणं, फायरवॉल चालवणं ही सगळी कामं सर्व्हिसेस करतात. तुम्ही पासवर्ड टाकण्याआधीच त्यांतल्या कित्येक कामाला लागलेल्या असतात. स्टार्ट मेनूत ‘सर्व्हिसेस’ असं इंग्रजीत टाइप केलं की त्यांची लांबलचक यादी उघडते. त्यातला ‘स्टार्टअप टाइप’ हा रकाना आधी वाचा. ‘ऑटोमॅटिक’ म्हणजे मशीनबरोबरच सुरू होणारी. ‘डिलेड स्टार्ट’ म्हणजे साधारण दोन मिनिटं थांबून सुरू होणारी. ‘मॅन्युअल’ म्हणजे गरज पडली तरच उठणारी आणि ‘डिसेबल्ड’ म्हणजे पूर्ण बंद.

व्हिडिओतल्या याद्यांचा पोकळपणा इथेच कळतो. एक्सबॉक्सच्या सर्व्हिसेस आणि फॅक्स ही नावं अशा यादीत हमखास असतात. पण त्या मुळातच मॅन्युअल असतात. तुम्ही गेम खेळत नसाल, फॅक्स पाठवत नसाल, तर त्या चालूच नसतात. जे चालूच नाही ते बंद करून वेग कुठून वाढणार?

म्हणून सुरुवात दुसरीकडून करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या तीन कळा एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यातल्या ‘स्टार्टअप’ भागात लॉगिन झाल्याबरोबर उठणारे प्रोग्राम दिसतात: व्हिडिओ कॉलची ॲप्स, गाण्यांची ॲप्स, टोरंट, प्रिंटर कंपनीचा मदतनीस, लॅपटॉप कंपनीची जाहिरातवजा ॲप्स. यांतलं जे रोज लागत नाही त्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. प्रोग्राम मशीनमध्ये राहतो, हवा तेव्हा उघडता येतो, फक्त आपणहून सुरू होत नाही. घरच्या मशीनवर सर्वांत जास्त फायदा याच एका कामाचा होतो आणि धोका जवळजवळ नसतो.

यानंतर सर्व्हिसेसकडे वळा. ‘एमएसकॉन्फिग’ उघडून सर्व्हिसेसच्या भागात ‘हाइड ऑल मायक्रोसॉफ्ट सर्व्हिसेस’ या चौकटीत टिक करा. उरतील त्या बाहेरच्या कंपन्यांच्या, म्हणजे आपण काहीतरी इन्स्टॉल करताना सोबत आलेल्या. जे प्रिंटर वा मोबाइल आता घरातही नाहीत, त्यांच्या सर्व्हिसेस इथे सापडतात. अशा वेळी तो प्रोग्रामच अनइन्स्टॉल करणं अधिक चांगलं. दोन अँटिव्हायरस असतील तर एकच ठेवा.

विंडोजच्या स्वतःच्या सर्व्हिसेसपैकी घरच्या माणसाने विचार करावा अशा मोजक्याच आहेत. प्रिंटर नसेल तर ‘प्रिंट स्पूलर’. ऑफलाइन नकाशे वापरत नसाल तर ‘डाउनलोडेड मॅप्स मॅनेजर’. वापराची माहिती मायक्रोसॉफ्टला पाठवणारी ‘कनेक्टेड यूजर एक्स्पीरियन्सेस अँड टेलिमेट्री’. आणि जुनी हार्ड डिस्क असेल तर ‘सिसमेन’. नेहमीचे प्रोग्राम आधीच रॅममध्ये आणून ठेवणारी ही सर्व्हिस व्हिस्टाच्या काळात ‘सुपरफेच’ नावाने आली. कमी रॅम आणि मंद डिस्क असलेल्या मशीनवर तिचा कधी कधी त्रासच होतो. आठवडाभर बंद ठेवून पाहा. फरक जाणवला नाही तर पुन्हा सुरू करा. ‘विंडोज सर्च’ मात्र एकदम बंद करू नका, नाहीतर फायली शोधणं रेंगाळतं. सेटिंग्जमध्ये जाऊन तिने कोणते फोल्डर चाळायचे तेवढं कमी करा.

बदल करण्याआधी सर्व्हिसेसच्या खिडकीतल्या ‘ॲक्शन’ मेनूतून ‘एक्स्पोर्ट लिस्ट’ निवडा. सगळी यादी, कोणाचा स्टार्टअप टाइप काय होता यासह, एका फाइलमध्ये जपून राहते. मग एका वेळी एकच सर्व्हिस बदला. तिच्या ‘प्रॉपर्टीज’मधला ‘डिपेंडन्सीज’ हा भाग उघडून तिच्यावर आणखी कोण अवलंबून आहे ते पाहा. प्रिंट स्पूलरखाली फॅक्सचं नाव दिसतं ते त्यामुळेच. शक्य तिथे ‘डिसेबल्ड’ऐवजी ‘मॅन्युअल’ निवडा. बदल झाल्यावर ‘शट डाउन’ न करता ‘रीस्टार्ट’ करा. विंडोज ८ पासून आलेल्या ‘फास्ट स्टार्टअप’मुळे साध्या शट डाउनमध्ये सर्व्हिसेसची स्थिती डिस्कवर साठवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत उचलली जाते. खरी नवी सुरुवात रीस्टार्टनेच होते.

इतकं करूनही टास्क मॅनेजरमध्ये ‘डिस्क’खाली बराच वेळ १०० टक्के दिसत असेल, तर दोष सर्व्हिसेसचा नाही, डिस्कचा आहे. लॅपटॉपमधली जुनी हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला ९०. एका फेऱ्याला ११ मिलिसेकंद लागतात आणि वर सुई सरकायला वेळ जातो तो वेगळाच. त्यामुळे सेकंदाला शंभर ठिकाणची माहितीही ती धड वाचू शकत नाही. एसएसडीमध्ये फिरणारं काही नसतं, म्हणून ती अशी हजारो वाचनं सहज करते. एसएसडी बसवून घ्या आणि लॅपटॉपमध्ये जागा असेल तर रॅम ८ जीबी करा. पंचवीस सर्व्हिसेस बंद करून जे साधणार नाही ते यातून साधेल.

उन्हाचाही विचार करा. मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीच्या वर असतो. धुळीने पंखा तुंबला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःचा वेग उतरवतो. मशीन फक्त दुपारी मंदावत असेल तर आधी पंखा साफ करून घ्या. लॅपटॉप गादीवर ठेवून टेस्ट देऊ नये, टेबलावर ठेवावा.

प्रश्न: टास्क मॅनेजरमध्ये ‘सर्व्हिस होस्ट’ हे एकच नाव पन्नास-साठ वेळा दिसतं. हा व्हायरस आहे का?
(एक विद्यार्थिनी, श्रीनगर, नांदेड)

उत्तर: बहुधा नाही. विंडोजच्या अनेक सर्व्हिसेस स्वतंत्र प्रोग्राम म्हणून चालत नाहीत. ‘एसव्हीसीहोस्ट’ नावाचा प्रोग्राम त्यांना आपल्या पोटात घेऊन चालवतो. पूर्वी एका होस्टमध्ये पाच-दहा सर्व्हिसेस कोंबलेल्या असत. त्यांतली एक कोसळली की बाकीच्याही आडव्या होत. २०१७ च्या विंडोज १० अपडेटपासून साडेतीन जीबीहून जास्त रॅम असलेल्या मशीनवर बहुतेक सर्व्हिसेसना वेगळा होस्ट मिळू लागला. म्हणून नावांची संख्या वाढली. आता कोणती सर्व्हिस मशीन खाते आहे ते थेट कळतं, ही यातली चांगली बाजू.

खात्री करायची असेल तर नावावर राइट क्लिक करून ‘ओपन फाइल लोकेशन’ निवडा. सी ड्राइव्हवरच्या विंडोज फोल्डरातला ‘सिस्टिम ३२’ उघडला तर काळजीचं कारण नाही. डाउनलोड्स किंवा टेम्पसारखा फोल्डर उघडला तर लगेच अँटिव्हायरसने पूर्ण तपासणी करा.

प्रश्न: आमच्या गावात ब्रॉडबँड नाही. मोबाइलच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवतो. काही न बघता दिवसाचा दीड जीबी डेटा दुपारपर्यंत संपतो. विंडोज अपडेट कायमचं बंद करू का?
(एक शिक्षक, देगलूर तालुका)

उत्तर: कायमचं बंद करू नका सर. तुमची अडचण दुसऱ्या मार्गाने सुटते. वायफायच्या सेटिंग्जमध्ये तुमच्या हॉटस्पॉटचं नाव उघडा आणि ‘मीटर्ड कनेक्शन’ सुरू करा. मोजून मिळणारं नेट आहे हे विंडोजला कळलं की बहुतेक मोठे अपडेट ते थांबवून ठेवतं. अपडेटच्या सेटिंग्जमध्ये ‘डिलिव्हरी ऑप्टिमायझेशन’ आहे. त्यातली इतर कॉम्प्युटरकडून अपडेट घेण्या-देण्याची सोय बंद करा. वनड्राइव्हसारखी फायली वर चढवणारी ॲप्सही हॉटस्पॉटवर असताना थांबवा. मग आठ-पंधरा दिवसांनी शाळेच्या किंवा तालुक्याच्या ठिकाणच्या वायफायवर बसून अपडेट उरकून घ्या. त्या वेळी चार्जर लावलेला असू द्या आणि बॅटरी भरलेली असू द्या. अपडेट चालू असताना लाईट गेली आणि मशीन मध्येच बंद पडलं तर विंडोज बिघडू शकतं.

अपडेट का सोडू नये याचं उदाहरण जुनं आहे, पण पक्कं आहे. ११ ऑगस्ट २००३ रोजी ‘ब्लास्टर’ नावाचा वर्म, म्हणजे आपणहून पसरणारा घातक प्रोग्राम, जगभर पसरू लागला. तो विंडोजच्या ‘आरपीसी’ या सर्व्हिसमधल्या चुकीतून आत शिरायचा आणि पडद्यावर ६० सेकंदांची उलटी मोजणी सुरू होऊन मशीन बंद पडायचं. आरपीसी बंद करणं शक्य नव्हतं, कारण विंडोजच्या बाकी असंख्य सर्व्हिसेस तिच्यावरच उभ्या असतात. पण ती चूक दुरुस्त करणारा अपडेट १६ जुलैलाच आलेला होता. ज्यांनी तो घेतला होता त्यांची मशीन्स वाचली.

सर्व्हिस बंद करणं हाच योग्य उपाय ठरतो अशीही वेळ येते. २०२१ च्या जुलैमध्ये प्रिंट स्पूलरमधली ‘प्रिंटनाइटमेअर’ ही मोठी त्रुटी उघड झाली. दुरुस्ती येईपर्यंत स्पूलर बंद ठेवावा असं खुद्द मायक्रोसॉफ्टने सुचवलं. ज्या घरात प्रिंटर नाही तिथे स्पूलर बंद ठेवा असं मी वर म्हणालो, त्यामागे वेगापेक्षा हे कारण मोठं आहे. जी सर्व्हिस चालूच नाही तिच्यातून कुणी आत येऊ शकत नाही.

आणखी एक ध्यानात घ्या. विंडोज १० च्या सपोर्टची मुदत १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. विंडोज ११ तुमच्या मशीनवर चालत असेल तर तिकडे जा.

प्रश्न: मी सेवा केंद्र चालवतो. वेग वाढवणारं एक सॉफ्टवेअर टाकलं, त्याने बऱ्याच सर्व्हिसेस बंद केल्या. तेव्हापासून बोटाचा ठसा घेणारं यंत्र चालत नाही. यंत्र बदलावं लागेल का?
(एक केंद्रचालक, उदगीर)

उत्तर: नवं यंत्र घेण्याची घाई करू नका. आधारसाठी वापरायचं ठसायंत्र ‘आरडी सर्व्हिस’शिवाय काम करत नाही. ठसा यंत्रातून निघतानाच कुलूपबंद व्हावा आणि कुणाला जुना साठवलेला ठसा पुन्हा वापरता येऊ नये, यासाठी आधार प्राधिकरणाने नोंदणीकृत यंत्रांची (‘रजिस्टर्ड डिव्हाइस’, म्हणजेच आरडी) सक्ती केली. यंत्राच्या कंपनीची आरडी सर्व्हिस पडद्यामागे सतत चालू असते. ब्राउझरमधलं पोर्टल त्याच कॉम्प्युटरवरच्या ११,१०० ते ११,१२० यांपैकी एका पोर्टवर, म्हणजे संपर्काच्या ठरलेल्या क्रमांकावर, तिला हाक मारतं. सर्व्हिस बंद असेल तर हाकेला ओ येत नाही आणि पोर्टल ‘डिव्हाइस सापडलं नाही’ अशा अर्थाचा संदेश दाखवतं. यंत्र मात्र ठणठणीत असतं.

सर्व्हिसेसच्या यादीत तुमच्या यंत्राच्या कंपनीचं नाव आणि त्यापुढे ‘आरडी सर्व्हिस’ असं शोधा. स्टार्टअप टाइप ‘ऑटोमॅटिक’ करा, ‘स्टार्ट’ दाबा आणि मशीन रीस्टार्ट करा. नाव सापडलंच नाही तर कंपनीच्या अधिकृत साइटवरून ती पुन्हा इन्स्टॉल करा. डिजिटल सहीची यूएसबी चालत नसेल तर ‘स्मार्ट कार्ड’ ही सर्व्हिसही तपासा. घरच्या माणसाला ती निरुपयोगी वाटते, पण तुमच्या केंद्राचं काम तिच्यावर अडतं. वेग वाढवणारं ते सॉफ्टवेअर काढून टाका. तुमच्याकडे कोण येतं आणि कशासाठी येतं, हे त्याला ठाऊक नसतं. नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी म्हातारी माणसं रांगेत उभी असतात. त्या महिन्यात तरी मशीनवर असा कोणताही प्रयोग करू नका.

सर्वांसाठी शेवटी एवढंच. आरपीसी, प्लग अँड प्ले, डीएचसीपी क्लायंट, विंडोज ऑडिओ, क्रिप्टोग्राफिक सर्व्हिसेस, फायरवॉल, सिक्युरिटी सेंटर आणि विंडोज अपडेट यांना कोणत्याही घरच्या मशीनवर हात लावू नये. जी सर्व्हिस काय करते हे आपल्याला एका वाक्यात सांगता येत नाही, ती बंद करू नये. आणि जी बंद केली तिचं नाव व तारीख वहीत लिहून ठेवावी, म्हणजे उद्या काही अडलं तर घरातल्या कुणालाही ती परत सुरू करता येईल.