जत्रेतील आत्मनिवेदन : जोसेफ मेरिकची पुस्तिका

एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये देहवैचित्र्याच्या खेळांत कलावंतांच्या चरित्रपुस्तिका विकल्या जात. त्यांना जाहिरात म्हणून बाजूस सारणे सोपे आहे. ‘हत्तीमानव’ जोसेफ मेरिकच्या (१८६२-१८९०) पुस्तिकेत गरोदर आईला हत्तीने घाबरविल्याची कथा आहे. ती अर्थातच प्रेक्षकांसाठी. शब्दांवर खेळवाल्याचा हात फिरला असेलही. परंतु लेस्टरच्या निर्धनगृहातून सुटून पोट भरावे म्हणून आपणच खेळवाल्याशी पत्राने संपर्क साधल्याचे (१८८४) निवेदक सांगतो, तेव्हा तेथे उपजीविका निवडणारा माणूस बोलत असतो. डॉ. फ्रेडरिक ट्रीव्ह्‌ज यांच्या १९२३च्या आठवणींत मात्र तो केवळ खेळवाल्याच्या तावडीतला बळी ठरतो. तेथे त्याचे नावही ‘जॉन’ असे पडले, आणि पुढे दीर्घकाळ वाचकांत तेच रूढ राहिले.