रंगकामानंतर कुंचले व रोलर यांची निगा

दसरा-दिवाळी जवळ आली म्हणजे घराच्या भिंतींना रंग व दारांखिडक्यांना तेलरंग देण्याची आपल्याकडे चाल आहे. सुगी तोंडावर असल्यामुळें हें काम गडबडीनें उरकलें जातें, आणि तें संपतांच कुंचले डब्यांत तसेच टाकून शेतकरी शेताकडे धांव घेतो. पुढील वर्षीं ते बाहेर काढावे तों लांकडासारखे ताठ झालेले आढळतात. विळा-कोयता पुसून ठेवणारा मनुष्य कुंचल्याच्या बाबतींतच निष्काळजी कां होतो? माझ्या मतें, रंग वाळतो म्हणजे काय होतें हें ठाऊक नसल्यामुळें. तें आधीं समजून घेऊं.

सर्व रंग एकाच रीतीनें वाळत नाहींत. चुना हवेंतील कार्बन डायॉक्साइड वायु शोषून पुन्हां दगडासारखा होतो. इमल्शन रंगांतील पाणी उडून गेलें कीं त्यांतील सूक्ष्म कण एकमेकांस चिकटून त्यांचा पापुद्रा बनतो. मग तो नुसत्या पाण्यानें सुटत नाहीं. तेलरंग हवेंतील प्राणवायु घेऊन घट्ट होतो. म्हणून रंग ओला आहे तोंवरच धुण्याची खरी वेळ. महसुली दप्तरांत जन्म घालविल्यामुळें मला हें चांगलें कळतें : फेरफाराची नोंद वेळच्या वेळीं केली तर घटकेचें काम, राहून गेली तर पिढ्यांचा तंटा.

चुन्याचा कुंचा : हा काम संपतांच दोन-तीन स्वच्छ पाण्यांत खळबळून धुवावा. चुन्यासाठीं वनस्पतीच्या तंतूंचाच कुंचा घ्यावा. डुकराच्या केसांचा कुंचला चुन्याच्या दाहक गुणानें खराब होतो.

पाण्याचे रंग : प्रथम कुंचला डब्याच्या कांठावर निरपून उरलेला रंग जुन्या वर्तमानपत्रावर पुसून काढावा. नंतर कोमट पाण्यांत साबण घालून केसांचा बुडखा बोटांनीं चोळावा. रंग तेथेंच अडकून राहतो व पुढें केस फांकतात. पाणी निवळ येईपर्यंत धुऊन, झटकून, केसांभोंवतीं कागद गुंडाळावा आणि कुंचला टांगून ठेवावा. केसांवर उभा कधींही ठेवूं नये. रोलरचें लोंकरी आवरण दांड्यावरून काढून, सुरीच्या बोथट बाजूनें रंग निरपून, साबणाच्या पाण्यांत पिळून पिळून धुवावें व उभें ठेवून वाळवावें; आडवें ठेविल्यास एका बाजूची लव दबते.

तेलरंग : येथें पाण्याचा उपयोग नाहीं. दोन डब्यांत थोडें थोडें टर्पेंटाइन घ्यावें; कुंचला पहिल्यांत चांगला घोळावा, दुसऱ्यांत पुन्हां धुवावा आणि शेवटीं साबणाच्या पाण्यानें स्वच्छ करावा. हें काम उघड्यावर, चुलीपासून व विडीपासून दूर करावें. मळकें टर्पेंटाइन झांकणाच्या डब्यांत ठेवावें. कांहीं दिवसांनीं रंग तळाशीं बसतो व वरचें निवळ टर्पेंटाइन पुढील खेपेच्या पहिल्या धुण्यास उपयोगी पडतें.

आतां सर्वांत महत्त्वाची गोष्ट. दोन वर्षांपूर्वीं मीं जुन्या सागवानी दारांस जवसाचें तेल चोळलें आणि तेलकट चिंध्यांचा बोळा गोठ्याच्या कोंपऱ्यांत, कडब्याच्या पेंढ्यांलगत टाकला. दिवेलागणीस वैरण घालावयास गेलों तों जळकट वास आला. बोळा उचलतांच हातास चटका बसला व आंतून धूर निघूं लागला. कोणी काडी ओढली नव्हती, जवळ चूलही नव्हती. कारण असें कीं, जवसाचें तेल प्राणवायु घेतें तेव्हां उष्णता निघते. दारावर पातळ पसरलेल्या तेलाची उष्णता हवेंत विरून जाते. बोळ्यांत ती कोंडते आणि चिंधी आपोआप पेट घेऊं शकते. आणखी थोडा वेळ गेला असता तर वर्षाची वैरण व दावणीचीं चार जनावरें माझ्या हलगर्जीपणापायीं गेलीं असतीं. म्हणून अशा चिंध्या एकेक सुट्या करून, उघड्यावर, जळाऊ वस्तूंपासून दूर वाळवाव्या. किंवा पाण्यानें भरलेल्या पत्र्याच्या डब्यांत बुडवून झांकण लावावें.

धुण्याचें पाणी विहिरीजवळ, ओढ्यांत किंवा गुरांच्या हौदापाशीं ओतूं नये. टर्पेंटाइनचा गाळ तर मुळींच नाहीं. गुरांना रंगाचे डबे चाटण्याची खोड असते आणि शिसें असलेला रंग त्यांस विष आहे. घरगुती रंगांत शिशाचें प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांहून अधिक नसावें, असा नियम आपल्या देशांत नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. परंतु माळ्यावर पडलेल्या त्यापूर्वींच्या डब्यांस तो कोठून लागणार? असे डबे गुरांच्या वाटेंत येऊं देऊं नयेत.

या साऱ्यास फार तर अर्धा तास लागतो. रंगाचा हात संपला म्हणजे काम संपलें असें न समजतां, कुंचला धुऊन टांगला व चिंध्या उघड्यावर पसरल्या म्हणजेच तें संपलें, असें मानावें.