उपग्रहाला त्याची जागा कोण सांगतं?

दहावीला कृत्रिम उपग्रह शिकवताना मी नेहमीचंच सांगितलं : चार उपग्रहांपासूनची अंतरं कळली की मोबाईल आपली जागा काढतो. मागच्या बाकावरून प्रश्न आला, "मॅडम, पण उपग्रह कुठंय हे मोबाईलला कसं कळतं?" म्हटलं, उपग्रहच सांगतो. "मग त्याला कोण सांगतं?" मी अडखळले. उद्या सांगते म्हणाले.

उत्तर आहे : जमीन! जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किमी उंचीवर, सेकंदाला जवळजवळ ३.९ किमी वेगाने फिरतात. जमिनीवरच्या केंद्रांची जागा आधीच अचूक मोजलेली असते. ती केंद्रं उपग्रहाचे संदेश सतत ऐकतात आणि संदेशाला लागलेल्या वेळेवरून अंतर काढतात. म्हणजे मोबाईलचंच कोडं, फक्त उलटं. यात घड्याळ १ नॅनोसेकंद चुकलं तरी अंतर ३० सेंमीने चुकतं.

पण उपग्रह एका जागी थांबत नाही, त्यामुळे शोधायचा असतो तो बिंदू नव्हे, मार्ग. इथे न्यूटन कामाला येतो. एका क्षणीची जागा, वेग आणि उपग्रहावरची बलं माहीत असली की पुढचा मार्ग गणिताने मिळतो. म्हणून आधी अंदाजाने एक मार्ग धरतात. त्यानुसार प्रत्येक केंद्राला किती अंतर दिसायला हवं होतं ते काढतात आणि मोजलेल्या अंतराशी ताडून बघतात. मग सुरुवातीची जागा व वेग थोडे बदलायचे, फरकांच्या वर्गांची बेरीज कमीत कमी होईपर्यंत. बलांमध्ये पृथ्वीचा फुगीर मध्यभाग, चंद्र, सूर्य हे सगळे आले. सगळ्यात त्रास देतो तो सूर्यप्रकाशाचा दाब. इतका हलका, पण उपग्रहाला ढकलत राहतो.

दुसऱ्या दिवशी मैदानावर तीन खुंट्या ठोकल्या. एक मुलगा फक्कीच्या वर्तुळावरून चालला, प्रत्येक टाळीला तिन्ही गटांनी दोरीने अंतर मोजलं. वर्गात आलेख कागदावर मार्ग काढला. एका गटाचं एक माप चुकलं होतं. बाकीच्या मापांनी ते लगेच पकडलं. एरवी कंटाळणारी मुलं तो बिंदू पुन्हा पुन्हा तपासत बसली.

उपग्रह स्वतः प्रसारित करतो त्या मार्गात साधारण १ मीटरची चूक असते. रस्ता शोधायला तेवढं पुरतं. आयजीएस ही आंतरराष्ट्रीय सेवा मात्र जगभरच्या शेकडो केंद्रांची मापं एकत्र करून, सुमारे दोन आठवड्यांनी, २-३ सेंमी अचूकतेचा मार्ग देते. त्यातलं एक केंद्र बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत आहे.

एवढी अचूकता आल्यावर नवीच अडचण येते. भारताचा भूखंड वर्षाला सुमारे ५ सेंमी ईशान्येकडे सरकतोय, म्हणजे आपली 'पक्की' खुंटीही हलतेय! केंद्राची त्या दिवशीची जागासुद्धा गणितात धरावी लागते. पुढच्या वर्षी मुलांना न सांगता एक खुंटी वीतभर सरकवून ठेवणार आहे. बघू, कोणाच्या लक्षात येतं ते.