तारीख आणि क्षण : एक पाठ-टिपण
(उच्च प्राथमिक वर्गांच्या शिक्षकांसाठी)

घड्याळातील वेळ माणसांनी संमतीने ठरविलेली आहे, ही गोष्ट मुलांना सहसा उमगत नाही. ती उमगल्यावाचून संगणकात तारीख कशी ठेवावी हेही कळणार नाही. म्हणून पाठाचा आरंभ पटांगणातून करावा.

प्रयोग : डिसेंबरच्या अखेरीस विंचूर येथील शाळेच्या पटांगणात एक सरळ काठी रोवावी. दर पाच मिनिटांनी तिच्या सावलीच्या टोकाशी मुलांकडून खूण करवून घ्यावी. सर्वांत आखूड सावली बारा वाजता नव्हे, तर सुमारे १२ वाजून ३३ मिनिटांनी पडलेली आढळेल. कारण मुलांकडूनच काढून घ्यावे. आपली प्रमाणवेळ मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२° ३०′ पूर्व रेखावृत्तावरून ठरते. विंचूर सुमारे ७४° १५′ वर आहे. अंतर ८° १५′; दर अंशास ४ मिनिटे; म्हणून ३३ मिनिटे.

पूर्वपीठिका : ही प्रमाणवेळ १ जानेवारी १९०६ पासून सुरू झाली. तथापि तिच्या ३९ मिनिटे मागे असलेली ‘मुंबई वेळ’ मुंबईत १९५५ पर्यंत प्रचारात होती. ‘दहा वाजले’ एवढे सांगून तेव्हा भागत नसे. कोणत्या वेळेने, तेही सांगावे लागे.

संगणकातील नोंद : संकेतस्थळे तयार करणाऱ्यांपुढे आज हाच प्रश्न असतो. सर्व्हरवर बहुधा जागतिक वेळ, म्हणजे यूटीसी, वापरतात. भारतीय वेळ तिच्या ५ तास ३० मिनिटे पुढे आहे. समजा, एका मुलीची जन्मतारीख १ जून २०१५ आहे. प्रोग्रामने ती ‘त्या दिवसाच्या आरंभीची मध्यरात्र’ मानून यूटीसीत बदलली, तर ३१ मे, सायंकाळी ६-३० अशी नोंद होते. पुढे वेळ गाळून केवळ तारीख छापली की दाखल्यावर ३१ मे उमटते. जनरल रजिस्टर आणि दाखला यांत एका दिवसाचा फरक पडतो, आणि तो दुरुस्त करून घेण्यासाठी पालकांना हेलपाटे घालावे लागतात.

नियम : जन्मतारीख ही केवळ तारीख आहे, ती वर्ष, महिना, दिवस एवढीच ठेवावी, तिला घड्याळ जोडू नये. अर्ज दाखल झाल्याची वेळ हा मात्र क्षण आहे. तो यूटीसीत ठेवावा आणि दाखविताना स्थानिक वेळेत दाखवावा. माहिती ऑनलाइन भरल्यावर प्रत्येक जन्मतारीख जनरल रजिस्टरशी ताडून पाहण्याचा परिपाठ शिक्षकांनी ठेवावा.

स्वाध्याय :
१. नागपूर सुमारे ७९° पूर्व रेखांशावर आहे. तेथील स्थानिक वेळ प्रमाणवेळेच्या किती मिनिटे मागे?
२. यूटीसीप्रमाणे ३१ डिसेंबरचे रात्रीचे ८ वाजले असता विंचूर येथे कोणती तारीख व किती वाजले असतील?
३. तारीख कोणती व क्षण कोणता ते सांगा : प्रजासत्ताक दिन, आगगाडी सुटणे, जन्मतारीख, अर्जाची अंतिम वेळ.