शुक्रपेशीला बळ कोठून मिळते?

एका गॅरेजात दहा नव्याकोऱ्या मोटारी उभ्या आहेत. मोजल्या तर दहा भरतात. पण टाकीत पेट्रोल नसेल, तर प्रवासाला एकही उपयोगी नाही. असाच काहीसा प्रकार २००४ साली अमेरिकेतील शास्त्रज्ञांना उंदरांत आढळला.

शुक्रपेशीला डोके, मध्यभाग व लांब शेपटी असते. शेपटी हलवीत ती अंडपेशीकडे पोहत जाते. हालचाल म्हटली की ऊर्जा आलीच! ही ऊर्जा एटीपी नावाच्या रेणूंतून मिळते. मध्यभागातील तंतुकणिका ऑक्सिजन वापरून एटीपी तयार करतात. शेपटीत ते ग्लुकोजच्या विघटनातून, ऑक्सिजनविना, तयार होते. एका ग्लुकोज-रेणूमागे या विघटनातून निव्वळ २ एटीपी मिळतात, तर ऑक्सिजनच्या साहाय्याने पूर्ण ज्वलन झाल्यास सुमारे ३०. तेव्हा तुम्ही म्हणाल, खरा कारखाना मध्यभागातच!

आता प्रयोग पाहा. विघटनाच्या साखळीतील एक पायरी शुक्रपेशीत 'जीएपीडीएस' हे खास विकर (एंझाइम) पार पाडते. शास्त्रज्ञांनी त्याचे जनुक निकामी केलेले उंदीर तयार केले. या नरांत शुक्रपेशी तयार होत होत्या. त्यांचा ऑक्सिजनचा वापरही नेहमीइतकाच होता. परंतु एटीपी भरले नेहमीच्या अवघे १० टक्के! पेशी मंदपणे वळवळत, पुढे मात्र सरकत नसत. ते नर वंध्य ठरले.

म्हणजेच, उंदराच्या शुक्रपेशीला पोहण्याचे बळ मुख्यतः ग्लुकोजच्या विघटनातून मिळते. कागदावरचे गणित आणि प्रत्यक्ष प्रयोग यांत अंतर पडले, तर प्रयोगाचे ऐकावे.

उंदरावरील निष्कर्ष माणसाला जसाच्या तसा लावता येत नाही. तरीही एक धडा घेण्याजोगा आहे. मूल न झाल्यास आपल्याकडे दोष बहुधा स्त्रीच्या माथी मारला जातो. वास्तविक कारण पुरुषातही असू शकते, आणि त्याची तपासणी करताना शुक्रपेशींच्या संख्येबरोबर त्यांची गतीही पाहावी लागते.

जाता जाता एक कोडे. हे नर वंध्य, त्यांना पिले होत नाहीत. मग असे नर मुळात जन्मले कसे? सूचना : प्रत्येक उंदरात या जनुकाच्या दोन प्रती असतात आणि एक प्रत चांगली असली तरी काम भागते. मेंडेलचे नियम आठवा आणि वहीत तक्ता मांडून पाहा.