लहान गाळ्याची अंतर्गत रचना

ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद बाजारात गाळे बांधते, तेव्हा भिंती, छप्पर व शटर झाले की काम पुरे झाले असे बहुधा मानले जाते. आतील जागेचा प्रश्न भाडेकरूवर सोपविला जातो. परंतु १० फूट रुंद व १२ फूट खोल, म्हणजे अवघ्या १२० चौरस फुटांच्या गाळ्यात भिंत एकदा चुकली की भाडेकरूला ती बदलता येत नाही. म्हणून आतील रचनेचा विचार आराखड्यातच व्हावयास हवा.

या बाबतीत मुंबईची इराणी उपाहारगृहे अभ्यासण्यासारखी आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस व विसाव्या शतकाच्या प्रारंभी इराणमधून आलेल्या व्यावसायिकांनी ती उभारली. धोबी तलावाजवळील ‘कयानी’ १९०४ पासूनचे आहे. यांपैकी अनेकांची जागा रस्त्याच्या कोपऱ्यावर असल्याने दोन बाजूंनी उजेड, वारा आणि गिऱ्हाईक आत येई. भिंतीवरील आरशांमुळे जागा मोठी भासे व गल्ल्यावरून सर्व टेबलांवर नजर राही. संगमरवरी टेबल ओल्या फडक्याने स्वच्छ होई. वाकविलेल्या लाकडाची हलकी खुर्ची सहज सरकविता येई. शोभा होती, पण ती उपयोगातून आलेली होती.

हीच दृष्टी गावच्या गाळ्यास लावता येईल. रांगेच्या टोकाच्या गाळ्यास बाजूची खिडकी आणि इतरांस मागील भिंतीत उंचावर झरोका ठेवावा. चहा-फराळाच्या दुकानात शेगडी झरोक्याखाली असावी, म्हणजे धूर व उष्मा बाहेर जाईल. गॅसची टाकी उभी, हवेशीर जागी व शेगडीच्या पातळीखाली ठेवावी. किराणा दुकानात जड माल खालच्या फळीवर, रोजचा माल कमरेपासून डोळ्यांपर्यंतच्या उंचीवर आणि क्वचित लागणारा हलका माल पोटमाळ्यावर ठेवावा. ये-जा करण्यास तीन फूट रुंद वाट मोकळी असावी. भिंतींना फिकट रंग दिल्यास दिव्यांची गरज कमी होते.

गाळ्याची पायरी हा दुर्लक्षित विषय आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार सार्वजनिक वापराच्या इमारती सुगम्य असणे अपेक्षित आहे. उताराचे प्रमाण एकास बारा धरले, तर सहा इंच उंच जोत्यासाठी सहा फूट लांबीचा उतार लागतो. ही जागा आराखड्यात राखली नाही, तर पुढे ती रस्त्यातून काढावी लागते.

पंचायत सदस्यांनी आराखडा मंजूर करण्यापूर्वी जमिनीवर चुन्याने गाळा आखून त्यात गल्ला, फळ्या व वाट मांडून पाहावी. या कामी शाळेतील शिक्षक व विद्यार्थ्यांचे साहाय्य घेता येईल. खर्च नगण्य, लाभ मात्र दीर्घकालीन आहे.